पंधरावा नंबर

रविवारी सकाळी सलूनमध्ये पाय ठेवला. मालकांनी खिळ्याला अडकवलेल्या प्लास्टिकच्या बिल्ल्यांतला एक काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "पंधरावा. तुम्हाला सवय हाय म्हणा."

चौदाच्या चौदा माणसं हसली. त्यातला एक तोंडाला फेस लावून खुर्चीत बसला होता, हसण्याच्या नादात त्यानं थोडा फेस गिळला. मला तेवढंच समाधान.

ज्यांना हसू आलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात आटपतो. मी मँचेस्टर युनायटेड ह्या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचा चाहता. २०२४-२५चा हंगाम नुकताच संपला होता, आणि प्रीमियर लीगच्या, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगच्या, २० संघांत आमचा नंबर पंधरावा. ३८ सामने, ११ विजय, ९ बरोबरी, १८ पराभव, गुण ४२. केलेले गोल ४४, खाल्लेले ५४. घरच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, ९ वेळा हरलो. १९७३-७४मध्ये हाच क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलला गेला होता. त्यानंतर वरच्या डिव्हिजनमध्ये इतका खालचा नंबर कधीच आला नव्हता. झालं. आता दुकानाबद्दल बोलू.

पेठेचं नाव सांगत नाही. कोल्हापुरात पेठ सांगितली की तालीम कळते, तालीम कळली की दुकान कळतं, आणि मला त्याच गल्लीतून रोज जायचं असतं. बाहेरच्यांना हे इस्कटून सांगावं लागतं. इथं कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलच्या टीमा काढल्या. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही सगळी तालीम मंडळं. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० सालची. शाहू स्टेडियमवर आधी लीग, मग चषकांच्या स्पर्धा, आणि दोन पेठा समोरासमोर आल्या की पोलीस बंदोबस्त. टीम निवडायची नसते. ज्या गल्लीत पाळणा हलला तिचा झेंडा धरायचा. अशा गावात सात हजार किलोमीटरांपलीकडची टीम 'आपली' म्हणणारा माणूस म्हणजे दत्तक गेलेला मुलगा. आणि दत्तक घराचं दिवाळं निघालं की भावकीला जो आनंद होतो, तो मालकांच्या चेहऱ्यावर होता.

दोन खुर्च्या, दोन कारागीर, माणशी वीस मिनिटं. माझ्यापुढं चौदा जण, म्हणजे दोन तास वीस मिनिटं. एक अख्खा सामना, मध्यंतर आणि जादा वेळेसकट. बसलो.

नंबर आला तेव्हा मालकांनी स्वतःच्या खुर्चीत बसवलं. कापड झटकलं, मानेला गच्च आवळलं, फेस फासला. डाव्या गालावरून वस्तऱ्याचा पहिला हात फिरला आणि मग वस्तरा हवेत थांबला.

"ते एक पोरगं हाय न्हवं इंग्लंडात, केस कापत न्हाय म्हणतंय?"

आहे. युनायटेडच्या एका चाहत्यानं ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर केलं की संघ सलग पाच सामने जिंकेपर्यंत डोक्याला कात्री लावणार नाही. त्याची रील मालकांपर्यंत पोचली होती. त्यात खेळाचं काय व्हायचं ते होवो, त्यांना काळजी धंद्याची होती.

"पाच सलग?"

"पाच."

"आणि लीगमधी यंदा सलग किती मारल्या?"

खोटं बोलता आलं असतं, पण बाकावरच्या एकानं मोबाइल आधीच काढला होता. "एक," मी म्हणालो.

"एकाला सलग म्हणत न्हाईत."

नाहीत म्हणत. पण खरं तेच आहे. ३८ सामन्यांत दोन विजय लागोपाठ एकदाही आले नाहीत. पहिल्याच सामन्यात फुलहॅमला हरवलं, पुढचा ब्रायटनकडून हरलो. एव्हर्टनला ४-० असं धुतलं, पुढच्याला आर्सेनलनं २-० केलं. मँचेस्टर सिटीला त्यांच्या घरात जाऊन २-१ हरवलं, त्या रात्री मला वाटलं गाडी रुळावर आली, आणि पुढच्याच रविवारी बोर्नमथनं आमच्या घरात येऊन ३-० केलं. सलग हरायला मात्र काही अडचण आली नाही.

"म्हंजे केस आपोआप गळायची वाट बघाय लागतीया त्याला," मालक म्हणाले आणि गाल पुसला. मग त्यांनी हिशेब मांडला. कोल्हापुरात मँचेस्टरची खुळी समजा शंभर धरली. प्रत्येकाचं महिन्याला एक डोकं आणि चार दाढ्या. ह्या शंभरांनी ते पोरगं बघून शपथ घेतली तर शहरातली किती सलूनं बसतील? बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मामा, दाढीची शपथ न्हाय घेतली त्यानं." "आज न्हाय घेतली," मालक म्हणाले. "पुढच्या वर्साला कोण बघितलाय?" ह्यावर दुकानात गंभीर शांतता पसरली. मालकांची तालीम यंदा कितव्या नंबरवर राहिली हे विचारायची हीच वेळ होती. पण वस्तरा त्यांच्या हातात होता आणि गळा माझा.

ह्या माणसाची एक पद्धत आहे. प्रश्न विचारला की वस्तरा उचलतात आणि उत्तर मिळेपर्यंत टेकवत नाहीत. दाढी उत्तरांच्या वेगानं होते. त्यामुळं "पर हरता का, ते सांगा की," असं त्यांनी विचारलं तेव्हा माझा अर्धा चेहरा त्या उत्तरावर अवलंबून होता. अर्ध्या दाढीनं उठून घरी जाता येत नाही. मी सांगायला लागलो.

"कोच पोर्तुगालचा, रुबेन आमोरिम. त्याची मांडणी ३-४-२-१."

"मांडून दाखवा."

कापडाखालून हात काढला. आरशापुढच्या फळीवर आफ्टर शेव्हच्या तीन बाटल्या मागं ओळीत ठेवल्या, हे तीन सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू. चार कंगवे पुढं. त्यातले कडेचे दोन विंगबॅक, मधले दोन मिडफिल्डर. त्यांच्यापुढं तुरटीचा खडा आणि पावडरची डबी, हे दोन दहा नंबरवाले, स्ट्रायकरच्या मागं खेळणारे. सगळ्यात पुढं एकटा शेव्हिंग ब्रश, स्ट्रायकर. गोलकीपर राहिला. मालकांनी स्वतः हात लांब करून पाण्याच्या फवाऱ्याची बाटली मागं ठेवली. बाटली बुडातून गळत होती. फळीवर पाण्याचा ओघळ आला.

"बरोबर घेतलाय न्हवं गोलकीपर?"

आता आंद्रे ओनानाबद्दल मी वाईट बोलणार नव्हतो. पण १० एप्रिलला युरोपा लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या एका चषकात, फ्रान्सच्या ल्योंविरुद्ध २-२ झालं त्यात ल्योंचे दोन्ही गोल त्याच्या हातून निसटले. पुढच्या सामन्याला त्याला बसवून दुसरा उभा केला, तर न्यूकॅसलनं त्या दुसऱ्याला चार मारले. बाटली बदलून गळती थांबत नाही, हे मी मालकांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या मते बाटली आफ्रिकेतून आणायला पायजे होती. इथल्या तालमींनी आणलेले परदेशी खेळाडू त्यांनी शाहू स्टेडियमवर बघितलेत, त्यामुळं जगातल्या कुठल्याही संघाला त्यांचं औषध हेच.

"आफ्रिकेचाच आहे, मालक. कॅमेरूनचा."

"आणि तरी?"

"तरी."

ते बराच वेळ बाटलीकडं बघत राहिले. औषधावरचा विश्वास उडालेल्या माणसाचा चेहरा असा होतो. मग म्हणाले, "जेवायला काय घालता त्याला?"

जेवणाचं पुढं येतं. आधी मांडणी पुरी करू, कारण रोग तिथंच आहे आणि तो समजून घ्यायला ह्या दुकानाइतकी सोयीची जागा मला अजून सापडलेली नाही. दुकानात दोन खुर्च्या आणि दोन कारागीर. हे आमचे मधले दोन कंगवे. बहुतेक संघ मिडफिल्डमध्ये तिघं खेळवतात. म्हणजे दोघं कारागीर कामात आहेत आणि तिसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे. त्याला कोण घेणार? मागच्या तिघांतला एक सेंटर बॅक पुढं यायला पाहिजे. म्हणजे गल्ल्यावर बसलेल्यानं उठून कात्री हातात घ्यायची. तो उठला की गल्ला उघडा. तो नाही उठला तर तिसरं गिऱ्हाईक स्वतःच्या हातानं वस्तरा घेणार. आमच्याकडं हंगामभर आलटून पालटून दोन्ही झालं.

त्यात त्या दोघांतला एक पुष्कळ वेळा ब्रुनो फर्नांडिस. लीगमध्ये ८ गोल, १० असिस्ट (म्हणजे दुसऱ्याच्या गोलासाठी दिलेले पास), संघात कामाला आलेला जवळजवळ एकटाच माणूस. पण त्याला एका जागी बसवत नाही. बॉल दिसला की धावतो. तो पुढं गेला की मागं एकटा कासेमिरो किंवा मानुएल उगार्ते. दोन कारागिरांतला एक चहा प्यायला गेल्यावर रविवारी दुकानाचं जे होतं ते होतं.

"मग कडंचे काय करत्यात?" मालकांनी वस्तऱ्यानं डावा कंगवा दाखवला.

कडेच्या दोघांवर तर ह्या पद्धतीचा सगळा डोलारा. चढाई करताना दोघांनी पार समोरच्या रेषेपर्यंत जायचं, बचाव करताना मागं येऊन तिघांचे पाच करायचे. पुढचे दोन दहा नंबरवाले आत आत खेळतात. म्हणजे कडेनं पळून बॉल आत टाकणारं दुसरं कुणी नाहीच. आणि जानेवारीपर्यंत आमचा डावा विंगबॅक कोण, तर बहुतेक वेळा दियोगो दालो. उजव्या पायाचा. डाव्या कडेनं पळत जायचं, बॉल उजव्या पायावर घ्यायला थांबायचं, आत वळायचं आणि मग टाकायचा. त्या थांबण्यात दोन सेकंद जातात. दोन सेकंदांत समोरचे चार बचावपटू आपापल्या जागेवर येऊन, घाम पुसून उभे राहतात. फेब्रुवारीत इटलीच्या लेच्चे क्लबकडून पॅट्रिक डॉर्गू आणला, डाव्या पायाचा, तोवर निम्म्याहून जास्त हंगाम गेला होता. ह्या सगळ्यामुळं पुढचा ब्रश कोरडा तो कोरडाच. सहा कोटींहून जास्त पाउंड देऊन २०२३मध्ये आणलेल्या रासमुस हॉयलुंडनं लीगमध्ये ४ गोल केले. दुसरा स्ट्रायकर जोशुआ झिर्कझी, त्याचे ३. दोघांचे मिळून सात. त्याच लीगमध्ये लिव्हरपूलच्या एकट्या मोहम्मद सालाहचे २९.

"खरं सांगू का," मालक म्हणाले आणि उजव्या गालाला हात घातला, "हा कोच यायच्या आदी जो हुता, त्यो कितव्या नंबरवर हुता?"

"चौदाव्या."

"त्याला काढला?"

"काढला."

"आणि पंधरावा आला."

ह्यावर उत्तर काय असतं? एरिक टेन हागनं मे २०२४मध्ये सिटीला हरवून एफए कप हा इंग्लंडचा मोठा चषक जिंकला म्हणून जुलैत क्लबनं त्याचा करार २०२६पर्यंत वाढवला. २८ ऑक्टोबरला त्याच क्लबनं त्याला काढला. मधे चार सामने त्याचा सहायक रूड व्हॅन निस्टलरॉयनं सांभाळले, तीन जिंकले, एक बरोबरीत सुटला. त्याला पण जाऊ दिला. दर्जेदार माणूस हवा म्हणून न्यूकॅसलला भरपाई देऊन डॅन अ‍ॅशवर्थला आणला होता, खेळाडू आणि कोच निवडायच्या कामावर. पाच महिन्यांत तो पण गेला. टेन हाग, त्याचे सहकारी आणि अ‍ॅशवर्थ ह्यांना घालवायला लागलेला खर्च क्लबच्याच हिशेबात १ कोटी ४५ लाख पाउंड. दीडशे कोटी रुपयांच्या वर. आमोरिमला सोडवून आणायचे पैसे त्यात नाहीत. त्याच्या हाताखाली त्या हंगामात लीगचे २७ सामने, २७ गुण. सामन्याला एक. मोजायला सोपं, एवढाच काय तो फायदा.

त्याची बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. नोव्हेंबरात आलेल्या माणसाला सराव शिबिर मिळत नाही. गुरुवारी युरोपा लीग, रविवारी लीग. मधल्या दोन दिवसांतला एक प्रवासाचा, एक पाय मोकळे करायचा. नवी मांडणी शिकवायची कधी? मागच्या तिघांतल्या कडेच्यानं कधी बाहेर धावायचं, त्यावेळी मधल्यानं किती पावलं सरकायचं, हे शेकडो वेळा घोटल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. जानेवारीत ब्रायटनकडून घरी ३-१ हरल्यावर त्यानं स्वतःच पत्रकारांपुढं सांगितलं की हा कदाचित क्लबच्या इतिहासातला सर्वांत वाईट संघ असेल. खरं बोलणारा माणूस. पण घरच्या लग्नात असं खरं बोलणारा मामा कुणाला आवडत नाही.

एवढ्यात बाकावरून सतरा नंबरच्या बिल्ल्याचा पोरगा म्हणाला, "दादा, टॉटनहॅम सतरावं आलं न्हवं? मग कप त्यांना कसा?"

हा प्रश्न मला कोल्हापुरात किमान वीस जणांनी विचारलाय, आणि इथं विचारायला नको होता. आपल्याकडं लीग वेगळी, चषक वेगळा, हे शाहू स्टेडियमच्या पायरीवर बसणाऱ्या शेंबड्या पोराला कळतं. युरोपा लीग म्हणजे तसाच एक मोठा चषक. आम्ही अंतिम सामन्यापर्यंत एकही सामना हरलो नव्हतो. रिआल सोसिएदाद, ल्यों, अ‍ॅथलेटिक बिल्बाओ, सगळ्यांना घालवलं. बिल्बाओला दोन सामन्यांत मिळून ७-१. आणि मग २१ मे रोजी त्याच बिल्बाओच्या मैदानात अंतिम सामना, समोर आमच्याच लीगमधलं टॉटनहॅम. ४२व्या मिनिटाला ब्रेनन जॉन्सननं धड पायाला न लागलेला बॉल कसाबसा रेषेपलीकडं नेला. ६८व्या मिनिटाला हॉयलुंडचा हेडर गोलमध्ये जाणार तोच मिकी व्हॅन डे व्हेननं हवेत आडवं होऊन रेषेवरून काढला. १-०. एका हंगामात टॉटनहॅमशी चार सामने, चारही हरलो. जिंकलो असतो तर पंधरावे येऊनसुद्धा चॅम्पियन्स लीगमध्ये, युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, गेलो असतो. हरलो म्हणून २०२५-२६मध्ये युरोपातली कुठलीच स्पर्धा नाही. सतरावे आले ते चॅम्पियन्स लीगमध्ये, पंधरावे घरी.

"बरोबर हाय की," मालक म्हणाले. "लीगला रडून चषक उचलणारी तालीम आमीबी बघितल्याय."

"कुठली?"

त्यांनी वस्तरा पुसला. उत्तर दिलं नाही.

मी पण थांबलो नाही. म्हटलं, एक रात्र तरी ऐका. १७ एप्रिल, ल्योंविरुद्ध परतीचा सामना. २-० पुढं होतो, त्यांनी २-२ केलं. जादा वेळ. दहा खेळाडूंवर आलेल्या ल्योंनं ४-२ केलं. पहाटेचे तीन वाजले होते आणि मी टीव्ही बंद करायला रिमोट हातात घेतला होता. ११४व्या मिनिटाला ब्रुनोचा पेनल्टी. १२०व्या मिनिटाला कॉबी मेनू. आणि त्यानंतरच्या मिनिटाला हॅरी मॅग्वायरचा हेडर. ५-४. मॅग्वायर म्हणजे सेंटर बॅक. पुढं पाठवायला स्ट्रायकर उरला नाही म्हणून आफ्टर शेव्हची बाटली ब्रशाच्या जागी नेऊन ठेवली होती! मी हे सांगताना बाटली उचलून फळीच्या टोकाला आपटली. झाकण उडालं. दुकानभर वास सुटला आणि बाकावरचे दोघं शिंकले. पण एवढ्या वेळात पहिल्यांदाच कुणी हसलं नाही.

"हे बेस केलं," मालक म्हणाले. "म्हंजे उपाशी पोटी जमतंय तुम्हास्नी."

जेवणाचं आलं शेवटी. त्यांना कुठून कळलं होतं देव जाणे, पण कळलं होतं. ब्रिटिश उद्योगपती सर जिम रॅटक्लिफनी फेब्रुवारी २०२४मध्ये क्लबचा चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त वाटा घेतला आणि काटकसर सुरू केली. आधी २५० माणसं कमी केली. मग २०२५च्या फेब्रुवारीत आणखी १५० ते २०० नोकऱ्या जातील असं सांगितलं, आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या कर्मचाऱ्यांचं दुपारचं फुकट जेवण बंद केलं. त्याऐवजी फळं.

"फळं?" दुसऱ्या खुर्चीवरचा कारागीरसुद्धा थांबला.

"फळं."

"आरं तिच्या! एकादशी हाय काय बारा म्हैने?"

इथं सगळे हसले, मी पण हसलो, पण हसून झाल्यावर माझं डोकं तापलं ते अजून उतरलेलं नाही. २००५मध्ये ग्लेझर कुटुंबानं हा क्लब घेतला तो बराचसा कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवून. म्हणजे मी तुमचं दुकान विकत घेणार, पैसे बँकेचे, आणि हप्ते तुमच्या गल्ल्यातून. वीस वर्षं ते व्याज चाललंय. स्टेडियमचं छत गळतं. मे २०२४मध्ये पावसात स्टँडच्या छतावरून अक्षरशः धबधबा कोसळत होता. २०२४-२५च्या हंगामात मधूनच ठरवलं की उरलेली तिकिटं ६६ पाउंडांना, लहान पोरं आणि म्हाताऱ्यांनाही सवलत नाही. ६६ पाउंड म्हणजे साडेसात हजार रुपयांच्या आसपास, बोर्नमथकडून ०-३ हरताना बघायचे. आणि मार्चमध्ये एक लाख माणसांच्या नव्या स्टेडियमचं चित्र दाखवलं, खर्च दोनशे कोटी पाउंड. स्वयंपाक्याला काढायचं आणि मांडव मोठा घालायचा.

आणि विकलेल्या बैलाची गोष्ट तर मी दुकानात काढलीच नाही. स्कॉट मॅकटॉमिने, पोरवयापासून आमच्याकडं वाढलेला. ऑगस्ट २०२४मध्ये नापोलीला विकला. आम्ही बिल्बाओमध्ये हरलो त्याच्या दोन दिवसांनी, २३ मे रोजी, नापोलीनं इटलीची लीग जिंकली. शेवटच्या सामन्यात पहिला गोल मॅकटॉमिनेचा. लीगमध्ये त्याचे १२ गोल. आमच्या दोन स्ट्रायकरांचे मिळून सात, हे वर सांगितलंय, पण परत सांगतो.

इथून हे सगळं बघायचं म्हणजे काय, तेही एकदा कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे. तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेबारा. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांचं घड्याळ मागं जातं, मग मार्चअखेरपर्यंत दीड. गुरुवारी दीडला सुरू झालेला सामना साडेतीनला संपतो. शुक्रवारी ऑफिस. घरच्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज बंद, त्यामुळं गोल झाला तरी उशीत तोंड खुपसून ओरडायचं. त्या हंगामात उशीला फार त्रास झाला नाही, एवढंच. आणि हंगाम संपल्यावर तरी सुटका? २५ मेला शेवटचा सामना ॲस्टन व्हिलाविरुद्ध जिंकला, १६व्याचे १५वे झालो, आणि लगेच संघ विमानात बसून मलेशियाला. पैसे मिळवायला. २८ मेला क्वालालंपूरमध्ये आग्नेय आशियातल्या निवडक खेळाडूंच्या संघाकडून १-० हरले.

"झालं बघा," मालक म्हणाले. गालाला तुरटी लावली. दहा नंबरचा एक खेळाडू कमी झाला. मग केसांना कात्री लावली आणि पुढची दहा मिनिटं ते गप्प होते. मला वाटलं विषय संपला. ते मनातल्या मनात मांडणी बदलत होते हे मला नंतर कळलं. त्यांनी मागच्या तीन बाटल्यांतली एक हळूच उचलून मधल्या दोन कंगव्यांच्या जवळ ठेवली, मान तिरकी करून बघितलं, आणि पुटपुटले, "आता तीन झाली न्हवं मधी?" झाली. कोट्यवधी पाउंड देऊन ठेवलेल्या माणसांनी जी बाटली हंगामभर हलवली नाही, ती ह्या माणसानं माझ्या मानेवरची लव काढता काढता हलवली. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

त्यांनी छोटा आरसा मागं धरला. मान ठीक होती. मग समोर बघितलं तर डावा कल्ला उजव्यापेक्षा चांगला बोटभर वर.

"मालक, डावीकडं बघा."

त्यांनी बघितलं. दुसऱ्या कारागिरानं बघितलं. बाकावरचे दोघं उठून बघून गेले.

"डाव्या बाजूला उजव्या हाताचा माणूस," मालक शांतपणे म्हणाले. "तुमीच सांगितलासा न्हवं? उजवा थोडा वर घेऊ काय? बरोबरी हुईल."

मी हो म्हणालो. चूक केली. उजवा वर गेला, जरा जास्तच गेला, आता डावा खाली दिसायला लागला. त्यांनी परत डाव्याला मशीन लावायला हात उचलला तेव्हा मी कापड स्वतःच सोडलं आणि दीडशे रुपये फळीवर ठेवले, गळक्या गोलकीपरच्या शेजारी. मागं बिल्ला खिळ्याला अडकला आणि हाक आली, "सोळा!"

घरी आल्यावर सांगितलं, कल्ले सारखे होईपर्यंत, म्हणजे ऑगस्टपर्यंत तरी, केस कापणार नाही. आईनं कपाळाला हात लावला. तिला ती शपथ वाटली.